मुलगा म्हणतो, एफडी मोडा आणि बिटकॉइन घ्या

प्रश्न (निवृत्त कॅशियर, सातारा):
३१ वर्षं बँकेत नोटा मोजल्या. ओल्या स्पंजच्या डबीकडे बोट अजून आपोआप जातं. आता मुलगा म्हणतो, "बाबा, बँकांचे दिवस भरले." पण २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बिटकॉइनसारख्या आभासी नाण्यांपासून लांब राहायला सांगितलं होतं ना? मग आता चालतं कसं?

उत्तर १:
काका, ते परिपत्रक सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये रद्द केलं. खरेदी-विक्री चालते, पण ते कायदेशीर चलन नाही. नफ्यावर ३० टक्के कर, वर सेस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही.

उत्तर २:
बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत विमा तरी आहे. माझ्या भावाने त्याच्या बिटकॉइन वॉलेटचे बारा शब्द (हीच त्याची किल्ली, हरवली की पैसे गेले) जुन्या डायरीत लिहिले होते. वहिनींनी दिवाळीच्या आवराआवरीत डायरी रद्दीत घातली. दाद कुणाकडे मागणार?

प्रश्नकर्ता:
रद्दीत! अहो, आमच्याकडे सही जुळली नाही तर माणूस काउंटरवर येऊन भांडायचा तरी. चिरंजीवांना सांगतो, तुझ्या पगारातून काय ते घे. एफडीची पावती तुझ्या आईच्या कपाटात आहे, तिच्याकडे माग.