खोटी भिंत धुताना खरी विश्रांती का मिळते?

प्रश्न: ओली_पायरी

गेले तीन महिने मी रोज रात्री झोपण्यापूर्वी तासभर ‘पॉवरवॉश सिम्युलेटर’ हा व्हिडिओ गेम खेळते आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: खेळणाऱ्याच्या हाती जोरदार पाण्याचा फवारा मारणारे यंत्र असते आणि चिखलाने, शेवाळाने, काजळीने माखलेली वाहने, घरे, बागा, मैदाने त्याने धुऊन काढायची असतात. मुख्य खेळात शत्रू नाही, घड्याळ नाही, हरणे तर नाहीच. पाणी कधी संपत नाही.

काल एका घराची बाहेरची बाजू धुताना पन्हळीच्या खालच्या अंगाला बोटभर रुंदीची मळकट पट्टी राहून गेली होती. ती सापडेपर्यंत मी शिडी तीनदा हलवली, आणि पट्टी निघाल्यावर ती पन्हळ क्षणभर उजळून ‘टिंग’ असा आवाज आला, तेव्हा दिवसभर खांद्यांत साठलेला ताण उतरल्याचे मला स्पष्ट जाणवले. मात्र त्याच वेळी माझ्या स्वतःच्या घरातल्या न्हाणीघराच्या फरश्या घासायच्या राहिल्या होत्या आणि त्या घासायला उठावे असे मला मुळीच वाटत नव्हते.

ज्या कामाचा प्रत्यक्षात कंटाळा येतो, त्याच कामाची पडद्यावरची प्रतिमा इतकी सुखावह का वाटावी? आणि ही खरोखर विश्रांती आहे, की करायच्या कामापासून काढलेली पळवाट? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

प्रतिसाद: जुना_खेळाडू

आपण सांगितलेल्या पन्हळीतच बरेचसे उत्तर आहे. या खेळात जिथे फवारा पडतो तिथला मळ त्याच क्षणी जातो आणि खालचा मूळ रंग दिसू लागतो, म्हणजे कृती आणि परिणाम यांच्यामध्ये काहीच अंतर राहत नाही. प्रत्येक वस्तू लहान लहान भागांत विभागलेली असते, प्रत्येक भागाची टक्केवारी दिसते, आणि एखादा भाग जवळजवळ पूर्ण झाला की उरलेले बारीक ठिपके खेळ आपणहून पुसून टाकतो. ही शेवटची सवलत मला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते, कारण शेवटचा ठिपका शोधण्याचा वैताग थेट आनंदावर पाणी फिरवू शकतो आणि खेळ तो वैताग बराचसा स्वतःकडे घेतो. तरीही एखादी पट्टी राहिलीच, तर संगणकावर टॅबची कळ दाबली की उरलेला मळ चमकून दिसतो.

ध्येय जवळ आले की प्रयत्नाचा वेग वाढतो, ही कल्पना क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली होती. ऐंशी टक्के धुतलेली भिंत सोडून उठणे अवघड का जाते, याचे ते बरे स्पष्टीकरण आहे. नोझलच्या, म्हणजे पाणी बाहेर पडते त्या तोंडाच्या, निवडीतही आनंद आहे. शून्य अंशाची धार चिकट डाग उचलते पण रेघेएवढीच जागा धुते, तर चाळीस अंशांचा पंखा सैलसर धूळ झपाट्याने वाहून नेतो. थोडे खेळल्यावर कुठे काय लावायचे हे हाताला कळू लागते.

अशा खेळांबद्दल लिहिताना अनेकजण मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७५ पासून मांडलेल्या ‘फ्लो’ या, म्हणजे कामात पूर्ण बुडून जाण्याच्या, संकल्पनेचा दाखला देतात. मला तो पूर्णपणे पटत नाही. त्या तल्लीनतेसाठी आव्हान आणि कौशल्य तुल्यबळ असावे लागते, आणि इथे आव्हान मुद्दामच कमी ठेवलेले आहे. विणकाम करताना किंवा धान्य निवडताना हात चालू असतो आणि मन अर्धे मोकळे असते, त्या अवस्थेशी हा अनुभव मला अधिक जवळचा वाटतो.

प्रतिसाद: रात्रपाळी

मी रुग्णसेवेत काम करते. आमच्या कामाला शेवट नसतो. पाळी संपते तेव्हा काम संपलेले नसते, ते पुढच्या पाळीच्या हाती द्यायचे असते, आणि घरी येताना कुणाचे काय अर्धवट राहिले हेच डोक्यात घोळत राहते. या खेळात एक मोटार धुतली की ती धुतलेली राहते. ती पुन्हा कुणी मळवत नाही, मला हाक मारत नाही, लवकर आटप म्हणत नाही. काम पूर्ण झाल्यावर पहिल्या फवाऱ्यापासून शेवटपर्यंतची सगळी धुलाई भरभर दाखवतात, ते मी दरवेळी पूर्ण पाहते. मी आज काय केले, हे मला कुणीतरी सलग दाखवावे अशी माझी किती इच्छा होती, हे ते पाहताना लक्षात आले.

आणि पळवाटेबद्दल: थकलेल्या माणसाने बसण्याला पळवाट म्हणू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद: मोजपट्टी

या विषयावर प्रत्यक्ष संशोधन झालेले आहे आणि योगायोगाने ते याच खेळावर आहे. ब्रिटनमधल्या ब्रायटन येथील फ्यूचरलॅब या कंपनीने २०२१ मध्ये हा खेळ अपुऱ्या अवस्थेत खेळाडूंपुढे ठेवला आणि २०२२ च्या जुलैमध्ये पूर्ण स्वरूपात प्रकाशित केला. पुढे ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांसाठी त्याची एक खास आवृत्ती तयार करण्यात आली, जिच्यात खेळ चालू असतानाच मधून मधून ‘आत्ता तुम्हाला कसे वाटते आहे?’ असे विचारले जाई. त्यातून ३९ देशांतल्या ८,६९५ खेळाडूंची उत्तरे अभ्यासली गेली. खेळाडूंपैकी सुमारे ७२ टक्के लोकांची मनःस्थिती खेळताना सुधारते, असा अंदाज त्यातून निघाला, आणि ही सुधारणा प्रामुख्याने पहिल्या १५ मिनिटांतच होते, असेही दिसले.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी सोडून चालणार नाही. सरासरी सुधारणा लहान आहे, डोंगराएवढी नव्हे. शिवाय ज्यांना हा खेळ आधीच आवडत होता असे लोक आपणहून त्यात उतरले होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे तेवढाच वेळ गाणी ऐकली असती किंवा नुसते डोळे मिटून पडले असते तर काय झाले असते, हे या अभ्यासावरून सांगता येत नाही. तरीही प्रयोगशाळेत बोलावून न खेळवता लोक आपापल्या घरी, आपल्या वेळी खेळत असताना ही नोंद झाली, याचे मोल मला मोठे वाटते. आपल्याला खांद्यांतला ताण उतरल्याचे जाणवले, ते भास म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही. मात्र लाभ पहिल्या पाव तासातच होत असेल, तर उरलेला पाऊण तास आपण कशासाठी देतो, हे प्रत्येकाने स्वतःशी पडताळून पाहावे.

प्रतिसाद: तिसरी_बादली

वरच्या प्रतिसादांत भर घालण्यासाठी एका उलट स्वभावाच्या खेळाचे उदाहरण देतो, कारण विश्रांती नेमकी कुठून येते हे त्यावरून फार स्वच्छ कळते. २०१५ मध्ये पूर्ण रूपात आलेल्या ‘व्हिसेरा क्लीनअप डिटेल’ मध्ये परग्रहवासीयांशी झालेल्या लढाईनंतर अंतराळस्थानकात उरलेला रक्तामांसाचा चिखल आपल्याला साफ करायचा असतो. तिथे फडके काही वेळातच माखते आणि ते बादलीत खळबळून न घेता पुसत राहिलो तर डाग निघण्याऐवजी नवे डाग उमटतात. बादलीतले पाणीही लाल होत जाते. पुसलेल्या जागेवरून माखलेल्या बुटांनी चाललो की पावलांचे ठसे उठतात. मी एकदा जवळजवळ पूर्ण झालेल्या मार्गिकेतून मागे सरकत असताना बादलीला धक्का लागला आणि ते सगळे पाणी पुसलेल्या लादीवर पसरले. अर्ध्या तासाचे काम गेले, आणि त्या क्षणी मला झालेला त्रास खऱ्या घरात झाला असता तसाच होता.

दोन्ही खेळ स्वच्छतेचेच, पण एकात मळ फक्त कमी होतो आणि दुसऱ्यात तो आपल्या हातून वाढूही शकतो. त्यामुळे मला असे वाटते की आपल्याला सुखावते ती स्वच्छता नव्हे. केलेले काम उलटणार नाही, ही हमी आपल्याला सुखावते. न्हाणीघराच्या फरशीला ती हमी देता येत नाही, कारण उद्या सकाळी तिथे पुन्हा पाणी सांडणारच असते. (मला स्वतःला दुसरा खेळ अधिक आवडतो, पण तो मी दमलेलो असताना कधीच सुरू करत नाही.)

आवराआवरीचे खेळही याच घरातले. २०२१ च्या ‘अनपॅकिंग’ मध्ये एकाच व्यक्तीची १९९७ ते २०१८ या काळातली आठ घरबदलं आहेत, आणि आपण फक्त खोकी उघडून वस्तू जागच्या जागी लावायच्या. त्यातल्या एका, जोडीदाराच्या घरात पदवीचे प्रमाणपत्र टांगायला भिंतीवर कुठेच जागा उरलेली नसते आणि ते शेवटी पलंगाखाली सरकवावे लागते. एकही संवाद नसताना त्या सहजीवनाबद्दल सगळे कळते. वस्तू हाताळता हाताळता माणूस कळत जातो, ही गोष्ट असे खेळ फार चांगली साधतात.

प्रतिसाद: ओली_पायरी

सर्वांचे मनापासून आभार. मी मुद्रितशोधनाचे काम करते आणि एकच हस्तलिखित माझ्याकडे चार-चारदा परत येते. दरवेळी मी पूर्वी दुरुस्त केलेल्या ओळीतच नवी चूक शिरलेली असते. ‘केलेले काम उलटणार नाही ही हमी’ हे वाचले तेव्हा मी बराच वेळ थांबले, कारण मला फरशीचा कंटाळा येतो असे मी समजत होते, पण ज्याचा शीण होता ते काम कदाचित हेच असावे. रात्रपाळीताई, तुमचे शेवटचे वाक्य मी माझ्या बहिणीलाही वाचून दाखवले.

मोजपट्टी यांच्या सूचनेप्रमाणे काल वेळ लावून पाहिली. वीस मिनिटांनंतर मी केवळ टक्केवारीकडे बघून खेळत होते, हे खरे निघाले. म्हणून टॅबची कळ न वापरता एकच भिंत घेतली आणि मळ स्वतःच्या डोळ्यांनी शोधत, विटांच्या सांध्यांतून धार फिरवत हळूहळू धुतली. चाळीस मिनिटे लागली. शेवटची रेघ खिडकीच्या चौकटीच्या सावलीत दडली होती आणि ती मला एका बाजूला सरकल्यावर, तिरप्या उजेडात दिसली.