नवऱ्याचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ आणि ओट्यावर तीन बरण्या. कोणती उचलू?

मिरजेची सून:
ह्यांचं वय ४४. ऑफिसच्या तपासणीत एलडीएल १६८ निघालं. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी लिहून दिली आणि "तेलतूप बेतानं" एवढंच म्हणाले. दारात पुढचा पेशंट उभा, बेतानं म्हणजे किती ते विचारायचं राहूनच गेलं.

फोडणीला शेंगदाणा तेल आहे. जावेनं रत्नागिरीहून पाठवलेलं घाण्याचं खोबरेल आहे, ते हे कुठलासा व्हिडिओ बघून सकाळी चहात घालतात (वर तवंग येतो, बघवत नाही). आणि सासूबाईंनी कढवलेलं साजूक तूप. वरणभातावर वाढताना त्या चमचा नाही, पळी घेतात. "आमचे मामंजी तूप खाऊन ८९ वर्षं जगले" हे तोंडी लावायला रोज असतंच.

यातलं काय कमी करू? आणि घाण्याचं तेल घेतलं की गोळी लागत नाही असं ह्यांचं म्हणणं, ते खरं का?

डोंबिवलीकर:
मामंजी शेतावर रोज किती चालायचे, तेही विचारा सासूबाईंना.

पोटोबा:
ताई, आहारसल्ला हेच माझं काम आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

गोळी बंद करू देऊ नका. घाण्यावर काढल्यानं तेलाचा वास-चव राहते, मेदाची जात बदलत नाही. खोबरेलात शंभरातले ८५ ते ९० भाग संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट), तुपात साठाच्या वर, शेंगदाणा तेलात विसाच्या आत. रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायचं काम यकृताचं. संपृक्त मेद फार झाला की ही उचल मंदावते, एलडीएल रक्तात फिरत राहतं आणि धमनीच्या अस्तरात जाऊन बसतं. तेव्हा चहातलं खोबरेल आजच थांबवा.

२००० कॅलरी खाणाऱ्या आणि एलडीएल चढलेल्या माणसानं दिवसाचा संपृक्त मेद साधारण १३ ग्रॅमच्या आत ठेवावा. त्यामुळे ती पळी मोजून बघाच. तूप पूर्ण तोडायला नको, छोटा चमचा चालेल. पण तूप कमी केलं आणि जेवणानंतर बिस्किटं आली तर काही साधलं नाही. त्याची जागा शेंगदाणा, करडई, मोहरी यांनी घेतली तर फायदा होतो. (करडईचं तेल घराघरातून कधी गेलं कळलंच नाही. असो.)

मिरजेची सून:
मोजली! सासूबाई देवळात गेल्यावर, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. पळीभर तूप १८ ग्रॅम, दोन वेळचं ३६. म्हणजे नुसत्या तुपातून २२ ग्रॅम संपृक्त. बिलावरची तारीख बघून तेलाचाही हिशेब केला. ५ लिटरचा डबा चार माणसांत २८ दिवस, माणशी रोज ४५ मिली. मला वाटायचं आपण कमी तेलात करतो.

आणि संध्याकाळच्या खारीचं काय? वनस्पती तुपावर आता बंदी आहे ना?

पोटोबा:
बंदी वनस्पतीवर नाही, मर्यादा आली ती त्यातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या मेदावर. २०२१ मध्ये ३ टक्के, २०२२ पासून २ टक्के. ट्रान्स सगळ्यात वाईट, एलडीएल चढवतं आणि वर एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) उतरवतं. पण ते कमी झालं म्हणून खारी सुटली असं नाही. पदर सुटायला घट्ट स्निग्ध लागतंच, ते बहुतेक पामतेलाचं असतं, आणि पामतेल निम्मं संपृक्त. एक खारी कागदावर ठेवा आणि थोड्या वेळानं कागद उजेडात धरा.

मिरजेची सून:
धरला. ह्यांनाही दाखवला, आरपार खिडकी दिसत होती. गोळी चालू आहे, खोबरेल माझ्या केसांना लागतंय. तुपाच्या भांड्यात पळीऐवजी चमचा ठेवला, तर सासूबाईंनी तीन चमचे वाढले. उद्यापासून वाढायला मी बसते.