अनुभव धागा: हॅरी पॉटरचं नाटक पाहिलंत?

नमस्कार मंडळी. ‘हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड’ ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलंय त्यांच्यासाठी हा धागा. अट एकच, गुपित फोडायचं नाही. तिकडे प्रेक्षकांना ‘गुपित जपा’ असे बिल्ले वाटले गेले होते, ती आण आपणही पाळू.

सुरुवात माझ्यापासून. 31 जुलै 2016ला संहिता पुस्तकरूपात आली, एका रात्रीत वाचली आणि चरफडले. मोठा झालेला हॅरी जादूच्या मंत्रालयात फायलींच्या ढिगात, मधला मुलगा अ‍ॅल्बस शाळेतल्या स्लिदरिन या बदनाम गटात, आणि त्या पोराची गट्टी कुणाशी, तर हॅरीच्या शाळेतल्या वैऱ्याच्या, मालफॉयच्या मुलाशी! कुणा चाहत्याने हौसेने लिहिल्यासारखं वाटलं. पुस्तक माळ्यावर गेलं.

2019मध्ये लंडनला गेलो तेव्हा तेरा वर्षांच्या लेकाच्या हट्टापायी तिकिटं काढली. पॅलेस थिएटर, दुपारी पहिला भाग, संध्याकाळी दुसरा, मिळून पाच तासांच्या वर. संहितेत ज्या ओळीवरून मी सरकन पुढे गेले होते, तिथेच खरं नाटक होतं. काळ्या झग्याचा एक फलकारा आणि समोरची वस्तू गायब. टाइम-टर्नर, म्हणजे काळात मागे नेणारं यंत्र, फिरला की आख्खं नेपथ्य पाण्यातल्या प्रतिबिंबासारखं थरथरतं. दोन मित्र दुरावतात तो जिन्यांचा प्रवेश तर जवळपास शब्दांवाचून. वाचताना यातलं काय दिसणार होतं मला?

आणि बापलेकाचं भांडण. दोघंही परत घेता येणार नाही असं बोलून बसतात. आमचंही सकाळीच हॉटेलात मोबाइलवरून वाजलं होतं. त्या प्रवेशानंतर लेकाने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्याच्याकडे नाही. मधल्या सुट्टीत सोहोमध्ये नूडल्स खाताना त्याने न मागता आपल्यातला अर्धा स्प्रिंगरोल माझ्या ताटात टाकला. बाकी काही बोलणं नाही.

मेलबर्नहून

आम्ही प्रिन्सेस थिएटरला पाहिलं. या थिएटरला स्वतःचं भूत आहे बरं का! फ्रेडरिक फेडेरिची नावाचा गायक 1888मध्ये इथेच एका ऑपेराच्या शेवटी, रंगमंचातल्या झडपेतून खाली उतरताना गेला. शुभारंभाच्या प्रयोगाला त्याच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवायची प्रथा होती. हे मला बायकोने दिवे मालवल्यावर सांगितलं. पुढचे दोन तास मी नाटकापेक्षा शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडेच जास्त पाहत होतो. (मध्यंतरानंतर तिथे एक आजोबा येऊन बसले. उशीर झाला होता बिचाऱ्यांना.)

लेस्टरहून, तेव्हा विद्यार्थिनी

लंडनच्या प्रयोगांची दर शुक्रवारी दुपारी एकला चाळीस स्वस्त तिकिटं निघायची, दोन्ही भाग मिळून 40 पौंड. सहा शुक्रवार हात हलवत परतले, सातव्याला लागलं. मार्च 2017. हॅरीची मैत्रीण हर्मायनी झाली होती नोमा डुमेझवेनी, कृष्णवर्णीय अभिनेत्री. तिची निवड झाली तेव्हा रंगावरून केवढा गदारोळ झालेला, पण तिने पहिलं वाक्य दटावून म्हटलं आणि माझ्यापुरता विषय संपला. पुढच्याच महिन्यात नाटकाला ब्रिटिश रंगभूमीचे 9 ऑलिव्हिए पुरस्कार मिळाले, त्यात एक तिचा. मी मात्र रडले ते स्कॉर्पियससाठी. इतकं गोड, बडबडं, एकटं पोर मालफॉयांच्या घरात निपजलंच कसं?

हॅम्बुर्गहून

इथे नाटक जर्मनमध्ये आणि थिएटर चक्क भाजीच्या घाऊक बाजारात, म्हणजे आपल्या मार्केट यार्डात नाट्यगृह काढल्यासारखं. माझं जर्मन बेकरीपुरतं. तरी अडलं नाही, कारण सातव्या पुस्तकाचा शेवट जिथे होतो त्याच फलाटावर नाटक सुरू होतं. फक्त शेजारचे हसले की मी अर्धा सेकंद उशिरा हसायचो.

पुण्याहून

मी पाहिलेलं नाही, फक्त वाचलंय. तरी लिहितो. ट्रिकसीन कितीही भारी असोत, कथानकातली भोकं त्यांनी बुजत नाहीत. टाइम-टर्नरचा विषय पाचव्या पुस्तकात संपवला होता ना? मग? ताईंचा स्प्रिंगरोल मान्य, नाटक नाही.

डोंबिवलीहून

मी एकही पुस्तक वाचलेलं नाही. लेक न्यूयॉर्कला असते, तिने 2022मध्ये लिरिक थिएटरला नेलं. तिथे तोवर दोन भागांचं एकच नाटक केलं होतं, साधारण साडेतीन तासांचं. ती सारखी विचारत होती, “बाबा, कळतंय ना?” अगं, 1994मध्ये आविष्कार नाट्यसंस्थेची, महेश एलकुंचवारांची त्रिनाट्यधारा दिवसभर बसून पाहिलेला माणूस मी, साडेतीन तासांचं काय घेऊन बसलीस! जादूतलं निम्मं कळलं नाही. पण तो बाप पोराच्या खोलीच्या दाराशी येऊन काय बोलावं म्हणून घुटमळतो, ते कळलं. माझा धाकटा बारावीत असताना मी तस्साच उभा राहायचो. मग विचारायचो, “दूध घेणार का?”

धागाकर्ती

पुणेकर, टाइम-टर्नरचं उत्तर नाटकात आहे, पटेलच असं नाही. आणि काका, तुमच्या दुधावर मी दिवसभर अडकलेय.

निरोपातून एकीने विचारलंय, सहा वर्षांच्या मुलीला नेऊ का? माझ्या मते नको. डिमेंटर, म्हणजे माणसाचा आनंद शोषणारी ती काळी भुतं, प्रेक्षागृहात आले तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतलं एक पिल्लू आईच्या कुशीत शिरलं ते दिवे लागेपर्यंत वर आलं नाही. न्यायचंच असेल तर कडेची खुर्ची घ्या, बाहेर पडायला बरं.