मदत हवी आहे : सोलरच्या गरम पाण्याच्या पाइपला आवरण

कोल्हापुरात नळात बर्फ होण्याइतकी थंडी कधी पडत नसली, तरी गच्चीवरच्या सोलरपासून तळमजल्यावरच्या न्हाणीघरापर्यंत भिंतीबाहेरून येणारा आमचा जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप पहाटे इतका गार पडतो की, गरम पाणी येईपर्यंत बादलीभर पाणी वाया जाते. प्लंबर सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा) पाइप घालायला सांगतात; सल्ला योग्यच आहे, पण ऐन सणासुदीत तोडफोडीला घरचे तयार नाहीत. त्यामुळे आहे त्याच पाइपवर काळ्या नायट्राइल रबराचे आवरण चढवावे, असा विचार आहे. रात्रभर थांबलेले पाणी त्यानेही थोडे निवणारच, हे मान्य. मात्र सांध्यांजवळ आताच गंजाचे पोपडे सुटत आहेत. तिथे आवरणाखाली ओल अडकून गंज वाढेल का, आणि उन्हापासून रबर वाचवण्यासाठी वरून ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळणे पुरेसे होईल का? लक्ष्मीपुरीत हे आवरण सुटे मिळत असल्यास जाणकारांनी योग्य जाडी व दर कृपया कळवावा.