प्रतिसाद: तेलाचा डबा मॉलमध्ये स्वस्त?
मॉलमधला तेलाचा डबा वाण्यापेक्षा दीडशे रुपयांनी स्वस्त पडतो, म्हणजे वाणी लुटतो, हे वरचं म्हणणं मला पटत नाही. आधी दोन्ही डब्यांवरचं वजन वाचा. एक डबा 15 किलोचा असतो, दुसरा 15 लिटरचा, आणि रांगेत शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच दिसतात. लिटरभर खाद्यतेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर तेल. सव्वा किलोहून जास्त फरक! मॉलमधला डबा लिटरचा असेल, तर दीडशेची बचत त्यात कुठेच राहत नाही.

पिशव्यांचंही तेच. लिटरच्या पिशवीशेजारी 750 आणि 850 ग्रॅमच्या पिशव्या लावलेल्या असतात आणि घाईत हात त्यांच्याकडेच जातो. तापमानाचाही खेळ होता: तेल तापवलं की फुगतं. सोयाबीन तेल लिटरला 21 अंशांवर 919 ग्रॅम, तर 60 अंशांवर 892.6 ग्रॅमच भरतं. काही कंपन्या 60 अंशांवरचं आकारमान छापायच्या, म्हणजे लिटरमागे तेल कमी. म्हणून 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना तापमान न लिहिता आकारमान आणि त्याला जुळणारं वजन छापायला सांगितलं. ते वजन बारीक अक्षरात असतं. चष्मा लावून वाचा आणि किलोमागे भाव काढा, मग वाण्याला बोल लावा.