रॅम्पवरचं तुमच्या अंगावर काय आलं? सोलापूरकरांनो, अनुभव सांगा

परवा नव्या पेठेत कुर्ता बघत होते, दुकानदार म्हणाला ताई हे एकदम लेटेस्ट, मुंबईत पण आत्ताच आलंय. खांदा दंडावर उतरलेला, बाही बोटांपर्यंत. हाच खांदा मी दोन-तीन वर्षं फोनवर पॅरिस-मिलानच्या फॅशन शोमध्ये बघतेय, मनातल्या मनात हसले आणि घेतला पण (साडेसहाशे सांगितला, साडेचारशेला दिला).

मला हा नादच आहे. फेब्रुवारी-मार्चला न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस अशी रांगेत थंडीची कलेक्शन्स येतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला उन्हाळ्याची, म्हणजे माल दुकानात यायच्या सहाएक महिने आधी. इकडे आपल्याकडे पारा चाळिशीकडे निघालेला आणि मी लोकरीचे कोट बघत बसलेली. आपली थंडी म्हणजे गड्ड्याच्या (जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) आसपासचे पंधरा दिवस, त्यात पण दुपारी पंखा लागतो.

तर असल्या कलेक्शनमधून तुम्ही काय उचललं? नुसतं बघून छान म्हटलेलं चालणार नाही, अंगावर घातलेलं पाहिजे. फजिती झाली असेल तर ती आधी.

माझी सांगते. ड्रीस व्हॅन नोटेन म्हणून बेल्जियमचा डिझायनर, २०२४ ला स्वतःच्या ब्रँडमधून बाजूला झाला. त्याच्या शोमध्ये फुलांवर पट्टे, पट्ट्यांवर चौकडी, असं सगळं एकत्र येतं आणि तरी डोळ्याला खुपत नाही कारण सगळ्यांत एखादा रंग सारखा ठेवलेला असतो. हे कळायला मला चार-पाच कलेक्शन्स लागली. मग इरकलवर खणाच्या ऐवजी हातमागाच्या चौकडीचं ब्लाऊज शिवलं, चौकडीतली एकच रेघ काठाच्या लाल रंगाची. हळदीकुंकवाला गेले तर काकू म्हणाल्या, "ब्लाऊजपीस कमी पडलं का गं?" दुसऱ्या वर्षी त्यांच्याच सुनेनं तसं शिवलं, तेव्हा मात्र काकू काही बोलल्या नाहीत.

पूर्वभागकर

मी सांगतो. आमच्या घरात माग होता, आता नाही. न्यूयॉर्कचा बोडे नावाचा ब्रँड आहे, तो जुन्या गोधड्यांची, टेबलक्लॉथची जॅकेटं करतो. ते बघितलं आणि डोक्यात गेलं की बे, आपल्या घरात चादरींची थप्पी पडलीय, जीआय (म्हणजे हा माल या भागाचाच असा सरकारी शिक्का) मिळालेली सोलापुरी चादर, आपण काय पाप केलंय?

पहिल्या टेलरनं चादर हातात घेऊनच परत दिली. दुसऱ्यानं घेतली आणि दोन सुया मोडल्यावर फोन केला, ये घेऊन जा. शेवटी युनिफॉर्म शिवणाऱ्या एका मास्तरकडं गेलो, त्याच्याकडं जाड कापडाची मशीन होती. तो म्हणाला, शिवतो पण आधी दोन गोष्टी ऐक. एक, चादर कापली की कडेचे धागे सुटणार, म्हणून प्रत्येक शिलाईला आतून पट्टी लावायची. दुसरं, मधलं मोठं फूल पुढं बटणपट्टीवर आलं तर ते अर्धं-अर्धं दिसणार, म्हणून फूल पाठीवर घ्यायचं आणि पुढं नुसता काठ. म्हणजे एका जॅकेटला दोन चादरी. मी म्हटलं एकीतच बसव, मास्तर म्हणाला मग चादर पांघरूनच फिर की.

दोन चादरी गेल्या. गड्ड्याला शोभेच्या दारूच्या रात्री घातलं, आजी म्हणाली झोपेतनं उठून आलास का बे. पण त्या रात्री तीन जणांनी कुठून घेतलं विचारलं. वर्षात आठ दिवस घालतो, एरवी खुर्चीवर असतं. वजन सांगत नाही.

इस्त्रीवाली

माझी फजिती छोटी आहे. जपानी डिझायनर इस्सी मियाकेच्या बारीक चुण्यांचे कपडे बघून मी सुती स्कर्टला घरी चुण्या घातल्या, दोन तास इस्त्री, मानेचा काटा ढिला. पहिल्या धुण्यात सगळं सपाट. नंतर वाचलं की ते लोक दोन-तीन पट मोठा कपडा आधी पूर्ण शिवतात आणि मग कागदात घालून गरम दाबतात, आणि कापड पॉलिएस्टर असतं म्हणून घडी कायम बसते. सुताला घडी लक्षात राहात नाही. आणि पॉलिएस्टर मे महिन्यात घालायचं म्हणजे... नको.

ट्रंकेतली

मला बोलायचंय खणाबद्दल. २०२१ ला वैशाली शडांगुळे पॅरिसच्या ओत कुत्यूर वीकमध्ये (हातानं, मापाप्रमाणे शिवलेल्या उंची कपड्यांचे शो) गेल्या, तिथं कलेक्शन दाखवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री डिझायनर. त्यांनी खणावर बरंच काम केलंय हे माहीत होतं, म्हणून शोधून शोधून त्यांचे जुने शो बघितले. आमच्या घरी खण म्हणजे ओटीतला, नारळाबरोबर आला की ट्रंकेत, ट्रंकेतून दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत. घातला कुणीच नाही. ट्रंक उघडली तर एकोणीस निघाले.

खणाचा पन्हा छोटा, त्यामुळे लांब काही करायचं तर जोड येणारच. शिवणाऱ्या ताई जोड लपवायच्या मागं लागल्या होत्या आणि मी म्हणत होते की लपवू नका, काठ वरच राहू दे, त्या उभ्या रेघाच डिझाईन आहेत. अर्धा तास वाद. मग त्यांनी एक बाजू तशी करून आरशासमोर धरली आणि गप्प बसल्या. गुडघ्यापर्यंतचं बिनबाह्यांचं जॅकेट झालं, सात खणांचं.

आई बघायला आली आणि बोट ठेवून सांगायला लागली, हा तुझ्या डोहाळजेवणाचा, हा अक्कलकोटच्या आत्याचा, हा कुणाचा ते आठवेना म्हणून तिथंच अडून बसली. बाकीचे बारा खण आता ती कुणाला देत नाही.

पायात काय

आमच्या मुलानं जून २०२५ ला प्राडा या इटलीच्या ब्रँडचा मिलानचा शो दाखवला. मी म्हटलं ही तर माझी कोल्हापुरी चप्पल. आपलं नाव न घेता दाखवली म्हणून नंतर त्यावरून केवढा गहजब झाला ते सगळ्यांना माहितीच आहे, आणि शेवटी कंपनीला मान्य करावं लागलं की प्रेरणा भारतातली. लोक कोल्हापूर-कोल्हापूर करत होते पण २०१९ च्या जीआयमध्ये आपला सोलापूर जिल्हा पण आहे बरं का, कुणी बोलत नाही. राग आला तो आलाच, पण खोटं कशाला बोलू, रॅम्पवरच्या त्या पोरांनी ती कुर्त्या-धोतरावर घातली नव्हती, आणि माझी जोडी दहा वर्षं लग्नकार्याची वाट बघत कपाटात वाळत होती. आता ऑफिसला पँटवर घालतो. पँट मात्र दोन इंच आखूड करून घेतली, नाहीतर अंगठाच दिसत नाही. करकर आवाज येतो म्हणून शेजारचा क्लार्क वैतागलाय.

बाळीवेस

जपानी डिझायनरांचे बंद बांधायचे ढगळ शर्ट बघितले आणि पहिलं आठवली बाराबंदी. गड्ड्याच्या मिरवणुकीत नंदीध्वज धरणाऱ्यांची पांढरी बाराबंदी यांनी बघितली तर वेडे होतील. मी जीन्सवर घालून बघितली, वडील म्हणाले ती मानाची आहे, उतरव. उतरवली. तोच कट निळ्या खादीत शिवून घेतला, त्याला काही म्हणाले नाहीत. बांधायला पाच मिनिटं लागतात, बसस्टॉपवर एक बंद सुटला तर लाज जाते.

धागाकर्ती

वाचून मजा आली. सगळ्यांचं शेवटी शिवणाऱ्याशी भांडण आहे हे बघून बरं वाटलं. एक सांगते, फोटो काढून ठेवताना पाठीचा पण ठेवा. रॅम्पचे फोटो सगळे पुढून असतात आणि आपला टेलर पहिला प्रश्न विचारतो, "मागून कसंय?" मग आपण तोंड बघत बसतो. व्हिडिओत मॉडेल वळून परत जायला लागली की तिथंच थांबवायचं.

आणि पूर्वभागकर, त्या मास्तरचा पत्ता द्या ना. माझ्याकडे पण दोन चादरी आहेत.

पूर्वभागकर

पत्ता नाही सांगत, मला शिव्या घालेल. कन्ना चौकातनं आत या आणि कुणालाही म्हणा, चादर शिवणारा कुठं बसतो. तोच ओरडत बाहेर येईल.