अनुभव धागा: विमानात सामान जास्त झालं, तेव्हा तुम्ही काय केलंत?

गेल्या दिवाळीआधी आईला पुण्याहून बंगळुरूला ताईकडे पाठवत होतो. बॅग काउंटरवरच्या पट्ट्यावर ठेवली आणि आकडा आला 19.4. मर्यादा 15. काउंटरवरच्या मुलीने वर 20 धरले, म्हणजे 5 किलो जास्त, किलोला 600, एकूण 3000 रुपये. आईचं तिकीटच होतं 3800 चं. आई म्हणाली, "एवढ्यात तर ताई तिथे चितळ्यांचं दुकान उघडेल." मग लोहगावच्या त्या चकचकीत फरशीवर बॅग उघडून बसलो. चिवड्याचा डबा, चकल्या, अनारशाचं पीठ, वर ताईच्या सासूबाईंसाठी पितळी निरांजनांचा जोड. मागे रांग, आणि रांगेतले एक काका मोठ्याने सल्ले देतायत. शेवटी निरांजनं आणि पीठ माझ्याबरोबर घरी परत आलं. दुसऱ्या दिवशी कुरियर केलं, पाचशेच्या आत काम झालं.

घरी आल्यावर हिशेब करत बसलो. आधीच ऑनलाइन जादा वजन घेतलं असतं तर खूप वाचलं असतं असं सगळे सांगतात. मी पाहिलं, त्या तिकिटावर जेमतेम पाचवा हिस्सा वाचत होता. शिवाय ते 3, 5, 10 अशा टप्प्यांत मिळतं. चार हवे असतील तर पाचाचे पैसे. देशातल्या देशात खरी बचत सामान दुसऱ्या वाटेने पाठवण्यात आहे, असं माझं मत झालंय. पटत नसेल तर भांडा. तुमचे अनुभव लिहा. कंपनीचं नाव नको, आकडे आणि युक्त्या हव्यात.

जर्सीवाली

भांडणार नाही, पण परदेशाचं गणित अगदी वेगळं आहे. भारतात किलो मोजतात, अमेरिकेच्या तिकिटावर नग मोजतात. नेहमीच्या तिकिटावर माणशी दोन बॅगा, प्रत्येकी 23 किलो. (हल्ली स्वस्त तिकिटावर एकच असते, तिकीट काढताना ती ओळ वाचाच.) आमच्या नागपूरच्या सासू-सासऱ्यांची गंमत ऐका. नवऱ्याने मुंबई ते नेवार्क (आमच्या न्यू जर्सीचा विमानतळ) तिकीट काढलं, आणि नागपूर ते मुंबई वेगळं, कारण तसं सात हजारांनी स्वस्त पडत होतं. स्वतःवर फार खूश होता.

निघायच्या तीन आठवडे आधी सासऱ्यांचा फोन. "अरे, ह्या नागपूरच्या तिकिटावर तर पंधरा-पंधराच किलो लिहून राहिले. आपल्या बॅगा चार, ब्याण्णव किलो. मग?" मग काय, दोघांचे मिळून 30 वजा करा. 62 किलो गुणिले 600, म्हणजे 37,200 रुपये. सात हजार वाचवलेल्या माणसाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तिकिटं वेगळी असली की दोन्ही प्रवास एकमेकांना अनोळखी. देशातल्या विमानाला तुम्ही पुढे अमेरिकेला निघालाय याच्याशी देणंघेणं नसतं. तेच नागपूरपासून नेवार्कपर्यंत एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असेल, तर अमेरिकेच्या प्रवासाचा नियम नागपूरपासूनच लागतो. दोन-दोन बॅगा तिथेच द्यायच्या आणि थेट नेवार्कच्या पट्ट्यावर घ्यायच्या.

सासऱ्यांनी काय केलं? नागपूर-मुंबई विमानाची तिकिटं रद्द केली आणि विदर्भ एक्सप्रेसचं टू एसी काढलं. रेल्वेत टू एसीला माणशी 50 किलो फुकट. ब्याण्णव किलो, दोन माणसं, हिशेब बरोबर. सासूबाईंनी वर आठ किलोची संत्र्याची बर्फी भरली, "जागा उरली म्हणून". ती मुंबईत नणंदेकडेच संपली.

इथे अमेरिकेत देशांतर्गत विमानात तर पहिल्याच बॅगेला पैसे. 2008 मध्ये मोठ्या कंपन्यांनी पहिल्या बॅगेचे 15 डॉलर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा निमित्त इंधनाच्या भावाचं होतं. भाव खाली आले, बॅगेचे पैसे राहिलेच. आता तर दुपटीहून जास्त आहेत. एक आतली गोम अशी की तिकिटाच्या रकमेवर साडेसात टक्के केंद्रीय कर बसतो, बॅगेच्या पैशांवर तो बसत नाही. मग कंपन्या तिकीट स्वस्त ठेवून बॅग महाग का करणार नाहीत?

कामाची गोष्ट: 23 किलोच्या वर गेलेल्या बॅगेला इथे साधारण 100 डॉलर दंड, आणि दुसऱ्या बॅगेचे साधारण त्याच्या निम्मे. म्हणून एक जड बॅग भरण्यापेक्षा दोन हलक्या. मी पहिल्या वर्षी उलटं केलं होतं.

बोरिवलीकर

माझा उपाय साधा. नवऱ्याला चौदा खिशांचं जॅकेट घातलं. मुंबई, मे महिना, खिशांत दोन चार्जर, लसूण चटणीचं पाकीट आणि मुलाची तीन पुस्तकं. विमानात बसल्यावर त्याने पहिल्यांदा श्वास घेतला. जॅकेटचं वजन कोणी करत नाही.

काउंटरच्या आतून

मी सहा वर्षं मुंबईत विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये होते, आता नाही. तेव्हा थोडं मोकळेपणाने.

एक. एकाच पीएनआरवरचे लोक देशांतर्गत प्रवासात वजन एकत्र धरू शकतात, बहुतेक ठिकाणी. चौघांचे 60 किलो, मग एकाची बॅग 19 आणि दुसरीची 11 असली तरी चालतं. पण त्यासाठी चौघांनी एकदम काउंटरवर यावं लागतं. आजोबा आधी जाऊन बोर्डिंग पास घेऊन सुरक्षा तपासणीत घुसले की त्यांचे पंधरा किलो गेले. हे रोज बघायचे. जिथे नग मोजतात तिथे मात्र ही सोय नाही. 27 आणि 19 मिळून 46 होतात हे खरं असलं, तरी 27 च्या बॅगेला पैसे पडणारच.

दोन. 32 किलोच्या वरची बॅग पैसे देऊनही घेत नाहीत. ती कंपनीची हौस नाही. खाली लोडर ती हाताने उचलतो, त्याच्या पाठीचा प्रश्न आहे. लोक माझ्यापुढे नोटा धरायचे. मी सांगायचे, काका, दोन बॅगा करा.

तीन. वाद घालण्याआधी "मी बाजूला होऊन परत भरू का?" असं विचारा. रांग अडली नाही की काउंटरवरचा माणूस निम्मा तुमच्या बाजूला झालेला असतो. 15.4 ला काही म्हटलं नाही, असं मी बऱ्याचदा केलंय. 15.4 आणि वर आवाज चढलेला असला की मात्र नियम आठवायचा.

चार. रिकामी बॅग घरी मोजा. जुन्या कडक सुटकेसा पाच-पाच किलोच्या असतात. पंधरातले पाच तिथेच गेले, मग आत काय भरणार? लटकवायचा काटा चार-पाचशेत मिळतो. फक्त तो हातात धरून मोजताना कोपर हलवू नका, अर्धा किलो इकडेतिकडे होतो.

आणि व्हीलचेअर वजनात धरत नाहीत. लोक घाबरून घरी ठेवून येतात, वाईट वाटायचं.

म्युनिकचा विद्यार्थी

बार्सिलोनाला गेलो होतो, तिकीट 19 युरो. गेटवर लोखंडी पिंजरा ठेवलेला असतो, त्यात बॅग घालून दाखवायची. माझ्या पाठपिशवीला चाकं नाहीत, काही नाही, पण वरच्या कप्प्यात आईने दिलेली मेतकुटाची बरणी उभी होती. तेवढी चार बोटं वर राहिली. 65 युरो. मेतकुटाच्या इतिहासातला हा उच्चांकी भाव असावा.

बरणी आडवी ठेवली असती तर बसली असती हे मला सीटवर बसल्यावर सुचलं. तेव्हापासून मऊ बॅगच वापरतो, आणि पुढचा कप्पा रिकामा. 2025 मध्ये युरोपातल्या विमान कंपन्यांच्या संघटनेने 40×30×15 सेंटीमीटरची बॅग सभासद कंपन्यांत फुकट चालेल असं ठरवलंय, तेव्हा नवी घेणार असाल तर तो आकार लक्षात ठेवा. भारतातून येताना विद्यार्थी म्हणून तिकीट काढलं तर बऱ्याच कंपन्या 10 किलो वाढवून देतात. कॉलेजचं ओळखपत्र हातात ठेवायचं, बॅगेत नाही. (विचारू नका.)

पेटीवाला

हार्मोनियमचं कुणी लिहिलं नाही. पेटीसकट खोका अकरा किलो. कपडे चार किलोत बसवायला शिकलोय. नाजूक वस्तू म्हणून दिली की लिमिटेड रिलीजच्या चिठ्ठीवर सही घेतात, म्हणजे मोडली तर जबाबदारी तुमची. मी गोव्याला मोपाला उतरलो तेव्हा दोन सूर बसलेले होते. आता जाईन तिथल्या मंडळींकडून पेटी मागून घेतो. पैसे वाचतात, पण दुसऱ्याच्या पेटीचा भाता हाताला लागेपर्यंत पहिला राग जातो.

नवीन सभासद

उशिरा विचारतोय. परवा आईवडील दुबईला निघालेत. त्यांच्या तिकिटावर 30 किलो आहे, वजनाचा प्रश्न नाही. पण आईने दोन किलो सुकं खोबरं घेतलंय, वाट्या. चालतं ना?

काउंटरच्या आतून

नाही चालत! चेक-इनच्या बॅगेत सुक्या खोबऱ्याला बंदी आहे. तेल असतं त्यात, आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते धोकादायक मालात धरतात. एक्सरेत दिसलं की बॅग बाजूला काढून तुम्हाला बोलावतात. पॉवर बँकही त्याच बॅगेत नको, ती हातातल्या सामानात ठेवा.

धागाकर्ता

खोबऱ्याचं मलाही नवीन. आमच्या बॅगेत तेव्हा दोन वाट्या होत्या, चिवड्याच्या डब्याखाली.

नवीन सभासद

आईला वाचून दाखवलं. ती म्हणतेय, मग ओलं नेऊ का?